एक ठोका म्हणजे हो

सकाळचे साडेआठही वाजले नव्हते, तरी रांग गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. कोणी फुलं आणली होती, कोणी आजाऱ्याचे कपडे. एकाने तर शेजाऱ्याशी चाललेल्या भिंतीच्या भांडणाचा नकाशा सुरळी करून काखेत धरला होता. आणि ही एवढी माणसं जिच्यासाठी ताटकळत होती ती होती एक व्हॅन. अठरा वर्षांची. रंग पांढरा, म्हणजे एके काळी. दारांच्या कडा गंजाने खाल्लेल्या, मागच्या काचेवर शाळेच्या मुलांनी चिकटवलेले ससे आणि फुगे.

अंगणात उभी असलेली ती व्हॅन रडत होती.

थट्टा नाही करत. इंजिन चालू केलं की तिच्या पोटातून एक लांबलचक हुंदका निघायचा, वर चढायचा, मध्येच थरथरायचा आणि खाली यायचा. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. माझ्याही आला. फरक इतकाच, की मला तो हुंदका कशाचा आहे ते ठाऊक होतं.

आठ-आठ जणांना आत घेत. ड्रायव्हरची सीट रिकामी ठेवत, तिच्यावर फुलांचा ढीग. तिच्या मागच्या सीटवर, खिडकीला लागून, दुभाष्या बसे. त्याचं हे नाव त्यानेच ठेवलेलं. "मी देव नाही, साधू नाही," तो हात जोडून सांगे, "मी फक्त दुभाष्या. मेलेला माणूस आपली बोली विसरतो हो. ज्या वस्तूत त्याचा जीव अडकलेला असतो त्या वस्तूची बोली बोलतो. कोणी भांड्यातून बोलतं, कोणी पंख्यातून. हा बिचारा इंजिनातून बोलतो. आणि इंजिनाची बोली शिकायला मला बारा वर्षं लागली!"

यातलं बारा वर्षं तेवढं खरं. बारा वर्षं तो जुन्या गाड्यांची दलाली करत होता. इंजिनाविषयी खोटं बोलण्यात त्याचा हात कोण धरणार?

काचा वर चढवल्या जात. फक्त दुभाष्याच्या खिडकीची काच चार बोटं खाली. "आत्म्याला यायला-जायला वाट नको का?" मग प्रश्न. एक ठोका म्हणजे हो, दोन ठोके म्हणजे नाही. ठोका गाडीच्या पोटातून यायचा, स्पष्ट, पायाला जाणवेल असा. ठक्. पहिल्या पाच मिनिटांत माणसं रडायला लागत. दहाव्या मिनिटाला कोणाचं तरी डोकं गरगरे. पंधराव्या मिनिटाला कोणाला तरी रिकाम्या सीटवर पाठमोरा माणूस दिसे. बाहेर आल्यावर काहीजण कुंपणाला धरून ओकत. त्यावर दुभाष्या म्हणे, "पाप बाहेर पडतंय, पडू द्या. पाणी नका देऊ इतक्यात."

मी पाचव्या दिवशी रांगेत उभा राहिलो. माझा धंदा सायलेन्सरचा. गाड्यांचे सायलेन्सर काढायचे, जोडायचे, बसवायचे, बावीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही. कोणत्या हुंदक्यामागे कोणता पत्रा सुटलाय हे मी रस्त्याच्या पलीकडून सांगू शकतो. पण त्या दिवशी मी कोणालाच काही सांगितलं नाही, आणि का सांगितलं नाही ते आता सांगतो.

ही व्हॅन माझ्या मित्राची. शाळेच्या मुलांना ने-आण करायचा. मुलं त्याला गाडीकाका म्हणत, आणि मोठी माणसंही तेच म्हणू लागली. थंडीच्या दिवसांत एका दुपारी शाळा सुटायला वेळ होता म्हणून तो गाडीतच झोपला. आत ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेवलं, काचा लावल्या. शाळा सुटली, मुलं आली, त्यांनी काचेवर टकटक केली. तो उठला नाही.

मी त्याला पाहिलं तेव्हा तो मेलेला वाटतच नव्हता. गाल गुलाबी, ओठ लालसर, जसा काही थंडीत फिरून आलेला धट्टाकट्टा माणूस. हृदय थांबलं, असा दाखला मिळाला. त्या आधी महिनाभर त्याचं डोकं दुखायचं, गाडीतली मुलंही डोकं दुखतंय म्हणायची. मुलांचं कोण मनावर घेतं, शाळा बुडवायला कारणं शोधतात असं सगळ्यांना वाटलं. गल्लीत मात्र पहिल्या दिवसापासून कुजबुज सुरू झाली होती: चेहरा बघितलात? असं तेज साध्या माणसाच्या चेहऱ्यावर मेल्यावर येत नाही.

दीड महिन्याने त्याच्या बायकोने गाडी विकायला काढली. तेव्हा हा दलाल आला. पुढून-मागून पाहिलं, सीटखाली हात घालून चाचपलं, आणि इंजिन चालू केलं. गाडी रडली. घरातून गाडीकाकाची म्हातारी आई अनवाणी धावत आली आणि बॉनेटला मिठी मारून ओरडली, "माझा बाळ! माझा बाळ रडतोय!"

दलालाने एकदा म्हातारीकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. गाडी विकत घेण्यापेक्षा मोठा सौदा समोर उभा होता. त्याच संध्याकाळी तो दुभाष्या झाला, आणि आठवड्याभरात त्या घराच्या पुढच्या खोलीत त्याचा बिछाना पडला.

तर मी पाचव्या दिवशी आत बसलो. माझ्या शेजारी म्हातारी. ती प्रत्येक फेरीला आत बसे. आठ जणांत एक जागा तिची कायमची. गाडी रडायला लागली. प्रश्न सुरू झाले. एका बाईने विचारलं, मुलाच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन करू का? दोन ठोके. नाही. बाई हात जोडून हमसाहमशी रडली.

मी मान खाली घालून बसलो होतो, त्यामुळे मला दुभाष्याचा पाय दिसला. उजवा पाय सीटखाली, बूट काढलेला. ठोका यायच्या आधी त्याच्या पोटरीचा स्नायू ताठ व्हायचा.

मला हसू आलं, आणि दुसऱ्याच क्षणी ते आटलं. कारण सीटखाली काय आहे ते मला न वाकता माहीत होतं. तिथे एक तार होती, आणि ती मीच बांधली होती.

गाडीकाका मरायच्या महिनाभर आधी माझ्याकडे आला होता. सायलेन्सर सडला होता, टांगायचं रबर तुटलं होतं, रबर ज्या पट्टीत अडकतं ती पट्टीही गंजून गळून गेली होती. गाडी इतकी जुनी, की तिचा सायलेन्सर बाजारात सहज मिळेना. तो म्हणाला, "अरे, मुलांना सोडायचंय, चार दिवस चालेल असं काहीतरी कर." मी सायलेन्सरच्या भोकावर पत्रा मारला, फटी बुजवायला लुकण फासलं. टांगायला पट्टीच नव्हती, म्हणून गाडीच्या तळाला जे गंजून पडलेलं भोक होतं त्यातून तार वर घेतली आणि सीटच्या पायाला पीळ देऊन बांधली. भोक बुजवायचं राहिलं. म्हणजे, नवा सायलेन्सर आला की एकदमच करू म्हणून ठेवलं.

नवा सायलेन्सर दहा दिवसांत आला. माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर, खिळ्याला टांगून राहिला. त्याला फोन करायचा होता. आज करू, उद्या करू. एक फोन. तो मी केला नाही.

मी मारलेला पत्रा सुटला होता आणि धूर त्या भोकातून वर, बंद गाडीत जात होता. गाडीकाका हृदयाने मेला, असं मी माझ्या मनाला दीड महिना सांगत आलो होतो. त्या दिवशी गाडीत बसल्यावर पंधराव्या मिनिटाला माझं डोकं ठणकायला लागलं, आणि मनाला सांगण्यासारखं काही उरलं नाही.

दुभाष्याला यातलं फारसं ठाऊक नसावं. त्याने फक्त सीटखाली तार शोधली होती, वरचा पीळ सोडून तिला कडी केली होती आणि कडीत पायाचा अंगठा अडकवला होता. तार ओढली की लोंबता सायलेन्सर वर गाडीच्या तळावर आपटे. ठक्. सैल सोडली की खाली. एवढाच त्याचा परलोक. मात्र गाडीत बसणाऱ्यांना भोवळ येते आणि उघड्या खिडकीशी येत नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी ताडलं होतं. नाहीतर आत्म्याची वाट नेमकी त्याच्याच नाकाशी कशी आली असती?

मी उतरणार, इतक्यात म्हातारीने रोजचा प्रश्न विचारला. रोजचा, हे मला नंतर कळलं; उत्तर मात्र तोवर मिळालं नव्हतं. "बाळा, तुला कोणी मारलं रे? तुझा तू नाही गेलास. घरातल्या माणसाने?"

ठक्.

"सकाळी भांडली होती तुझ्याशी. तिने?"

ठक्.

अंगणात कपडे वाळत घालणारी गाडीकाकाची बायको तिथेच थांबली. तिच्या हातातल्या ओल्या चादरीचं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. आठ जणांनी काचेतून तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. बायको गाडी विकायच्या मागे होती, आणि गाडी गेली असती तर दुभाष्याचं दुकान बंद झालं असतं. म्हणून तिचा काटा काढणं चाललं होतं. दोन ठोक्यांत काम झालं.

म्हातारीने सुनेच्या हातचं खाणं सोडलं. शेजारणींनी बोलणं सोडलं. नळावर ती गेली की बाकीच्या बादल्या बाजूला घेत. एकीने तिच्या तोंडावर म्हटलं, "नवरा खाल्लास, आता सासूला तरी पोटभर जेवू दे." ती मला दोनदा रस्त्यात भेटली. दुसऱ्या वेळी थांबून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही गाड्यांमधले. तो आवाज कशाचा हो? खरं सांगा."

मी म्हणालो, "जुनी गाडी आहे, वहिनी. जुन्या गाडीत असतात आवाज."

असं मी म्हणालो.

दोन दिवसांनी मात्र मला राहवेना. भिंतीवरचा नवा सायलेन्सर काढला, जॅक घेतला आणि भर दुपारी, गर्दी पांगलेली पाहून, त्यांच्या अंगणात गेलो. बेत असा, की गुपचूप नवा बसवून टाकायचा, भोक बुजवायचं, कोणालाच काही सांगायचं नाही. गाडी गप्प होईल, दुभाष्याचं बंद पडेल, माझं नावही येणार नाही. भित्र्या माणसाला एका दगडात फार पक्षी मारायचे असतात.

म्हातारी गाडीला टेकून बसली होती. सायलेन्सर पाहून ती उठली. तिचे गाल लाल झाले होते, आणि उठताना तोल गेला.

"काय करतोस रे?"

"दुरुस्ती, मावशी. धूर गळतोय. तुमची तब्येत बिघडेल."

"त्याचा आवाज बंद होईल?"

मी जॅक चाकाशी सरकवला.

तिने हात जोडले. माझ्या आईच्या वयाची बाई, आणि ती माझ्यापुढे वाकली. "नको रे. एकदा गेलाय तो माझा. तू पुन्हा नको नेऊस."

मी तिला सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं: मावशी, हाच धूर त्याला घेऊन गेला. पण त्या वाक्याच्या मागून दुसरं वाक्य येणार होतं, माझ्या नावाचं. मी जॅक आणि सायलेन्सर उचलून निघालो. आणि जाताना, लपवत नाही, मला सुटल्यासारखं वाटलं. म्हातारीनेच नको म्हटलं, आता माझा दोष नाही!

नवव्या दिवशी म्हातारी गाडीतच मेली. शेवटची फेरी संपली, सगळे उतरले, ती बसूनच राहिली. दुभाष्या म्हणाला, "राहू द्या, लेकाशी बोलतेय." इंजिन आणखी तासभर चालू होतं. दार उघडलं तेव्हा ती रिकाम्या सीटकडे तोंड करून बसली होती, गाल गुलाबी, ओठ लालसर.

गल्ली वेडी झाली. तेच तेज! आईच्याही चेहऱ्यावर तेच तेज! दुभाष्याने गाडीच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं, "लेकाने आईला बोलावून घेतलं. उद्यापासून दोघं बोलतील! दोन आवाज! ज्यांना आईचा आशीर्वाद हवा त्यांनी उजव्या दाराने यावं."

पण सून अडून बसली. लोक अंगावर धावून आले, एकाने तिला ढकललं, तरी ती मृतदेहाच्या पायाशी बसून राहिली आणि एकच वाक्य म्हणत राहिली, "डॉक्टर बघतील, मग उचला." शेवटी सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण आली. तिने म्हातारीची नखं पाहिली, गाल पाहिले आणि सुनेला विचारलं, "तुमचे यजमान गेले तेव्हा असेच दिसत होते?" मग ती मृतदेह दवाखान्यात घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीण माझ्या वर्कशॉपमध्ये आली. बसली नाही.

"रक्तात कार्बन मोनॉक्साइड भरलाय," ती म्हणाली. "अर्धवट जळलेल्या धुरातला वायू. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. डोकं दुखतं, ओकारी येते, भास होतात, मग माणूस झोपतो. आणि त्याने रक्त लालभडक होतं, म्हणून मेल्यावर गाल गुलाबी दिसतात. तेजबिज काही नाही. त्या घरात शेगडी नाही, धुराडं नाही. मग वायू आला कुठून? गाडीच्या धुरातलं तुम्हाला कळतं म्हणतात, म्हणून आले."

मी भिंतीवरचा रिकामा खिळा बघत होतो. सायलेन्सर तेव्हापासून दाराशीच पडून होता.

"मला कळतं," मी म्हणालो. सायलेन्सर आणि अवजारं उचलली. "चला."

अंगणात शंभरावर माणसं होती. दुभाष्या आत बसला होता, इंजिन अजून बंद, दारं उघडीच, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. मी कोणाला न विचारता चाकांना दगड लावले, जॅकने मागची बाजू उचलली, खाली लाकडी ठोकळे दिले आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकलो. लोकांना वाटलं, मी भक्तीने लोटांगण घालतोय. दोघंतिघं तर माझ्या शेजारी आडवे होऊ लागले.

"हे आई," वरून दुभाष्याने हाक दिली, "लेकाजवळ पोचलीस का?"

माझ्या नाकापासून वीतभरावर सायलेन्सर लोंबत होता. तार ताठ झाली, सायलेन्सर वर जाऊ लागला. मी तो एका हाताने धरला. ठोका आला नाही.

"आई, पोचलीस का?" आवाजात जरा घाई.

तार पुन्हा ओढली गेली. मी पुन्हा धरून ठेवला. मग मी तार मनगटाला गुंडाळली आणि दोन्ही हातांनी, पाय तळाला टेकून, खाली ओढली.

किंकाळी अशी आली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. दुभाष्या सीटवरून घसरला, त्याचा पाय भोकाशी येऊन अडकला. अंगठ्यात कडी, कडीला तार, तारेला मी. लोक धावले आणि त्यांनी दारातून पाहिलं: परलोकाचा दुभाष्या जमिनीवर पालथा, एक पाय सीटखाली, आणि गाडी एकामागून एक ठोके देत होती, कारण तो पाय झाडत होता. ठक् ठक् ठक् ठक्.

"हो की नाही?" गर्दीतून कोणीतरी विचारलं. एकदोघं हसले.

मी गरजेपेक्षा जास्त ओढलं, हे कबूल करतो. त्याचा अंगठा हाडापर्यंत कापला गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

डॉक्टरणीने तिथेच उभं राहून वायूचं सगळं सांगितलं. एखादीच मान डोलली. मग म्हणाली, "या दहा दिवसांत कोणाकोणाचं डोकं दुखलं, हात वर करा." आधी एक हात, मग दहा, मग जवळजवळ सगळेच. "आणि खिडकीशी बसणाऱ्याचं?" सगळ्यांनी दुभाष्याकडे पाहिलं.

तो मात्र दलाल होता. रक्ताळलेला अंगठा मुठीत धरून, पडल्या जागेवरून ओरडला, "तार मी बांधली? विचारा त्याला! मी आलो तेव्हा तार होती! कोणाचं काम आहे हे, विचारा त्या सायलेन्सरवाल्याला!"

आयुष्यात एकदाच तो खरं बोलला, आणि तेही अगदी वेळेवर.

मी गाडीखालून बाहेर आलो. सगळं सांगितलं. पत्रा, लुकण, तार, भोक. भिंतीवरचा सायलेन्सर. न केलेला फोन. म्हातारीने जोडलेले हात. सांगताना मी गाडीकाकाच्या बायकोकडे पाहत होतो. तिचा चेहरा हलला नाही.

लोकांनी मला मारलं. दुभाष्याला नाही, मला. तो त्यांना रोज त्यांच्या मेलेल्या माणसांशी बोलायला देत होता, आणि मी ते हिसकावून घेतलं होतं. शिवाय माझा गुन्हा समजायला सोपा होता. भिंतीच्या नकाशावाल्याने ती सुरळी टाकून देऊन दोन्ही हातांनी मारलं. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली, एक दात गेला. त्या गडबडीत दुभाष्या लंगडत निसटला. ऐकतो, की दुसऱ्या गावात आता एका पंख्यातून कोणाची तरी मुलगी बोलते.

डॉक्टरीण लोकांना आवरत होती. गाडीकाकाची बायको आवरत नव्हती. ती हाताची घडी घालून उभी होती. मारणारे थकले, बाजूला झाले, तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"नवा आणलायस?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने मला भाऊजी म्हटलं नाही.

"हो."

"मग बसव."

"आत्ता?"

"माझ्या समोर. प्रत्येक गोष्ट कशासाठी ते सांगत."

मी मोडक्या बोटांना चिंधी बांधली आणि खाली सरकलो. ती शेजारी जमिनीवर पडून बघत होती. जुने नट गंजून एकजीव झालेले. तेल सोडलं, वाट पाहिली, दोन निघाले, तिसरा ग्राइंडरने कापावा लागला. जुना सायलेन्सर खाली उतरवला तेव्हा त्याच्या आत सुटलेला पत्रा खुळखुळला. मी सायलेन्सर तिच्या हातात दिला. तिने हलवून पाहिला. "हा रडत होता?"

"हा. आणि वरून इंजिन दम लागल्यासारखं कमी-जास्त व्हायचं, म्हणून आवाज वर-खाली."

तिने तो गर्दीकडे ढकलून दिला. लोक पायाने दूर सरकवत होते, जणू काही चावेल.

तळाच्या भोकावर पत्रा ठेवून कडेने पक्कं जोडकाम केलं. नवी पट्टी बसवली. सायलेन्सर आधी रबरांवर टांगला. "तारेने का नाही?" तिने विचारलं.

"इंजिन हलतं, सायलेन्सरला त्याच्याबरोबर हलू द्यावं लागतं. रबर हलू देतं आणि सोडत नाही. तार एकतर ओढते, नाहीतर सोडते. तार लावायचीच नसते."

"मग लावलीस का?"

"कंटाळा केला."

जोडांतून धूर गळू नये म्हणून नवीन गॅस्केट घातलं, क्लॅम्प आधी सैल ठेवले, पाइप सरळ रेषेत आला, कुठे घासत नाही हे पाहिलं आणि मग पुढून मागे एकेक आवळत नेला. इंजिन चालू केलं, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडलं. कुठेही बुडबुडा आला नाही. व्हॅन चालू होती आणि तिचा आवाज जेमतेम अंगणाच्या कुंपणापर्यंत पोचत होता.

गर्दीतली ती गाठवाल्या मुलाची आई तेवढी पुढे आली. गाडीवर कान ठेवून तिने बराच वेळ ऐकलं. मग मला म्हणाली, "तुम्ही त्याला गप्प केलंत." डॉक्टरणीने तिला दंडाला धरून बाजूला नेलं आणि मुलाला उद्याच घेऊन यायला सांगितलं. ती आली की नाही, मला माहीत नाही.

माझ्यावर खटला चालू आहे. गाडीकाकाच्या बायकोने माझ्याविरुद्ध साक्ष दिली. खरी दिली, एक शब्द वाढवून नाही. शाळेच्या मुलांचे आईबाप अजून त्या गाडीत मुलं बसवत नाहीत, म्हणून ती कापडाचे गठ्ठे वाहते. गाडी स्वतः चालवते. दर महिन्याला गाडीखाली स्वतः बघते. शेजारणी आता तिच्याशी बोलतात. ती बोलत नाही.

आता माझं ऐका. मला उपदेश करायचा अधिकार नाही, पण दोन माणसं मारून शिकलेलं फुकट घालवू नका. बंद गाडीत, बंद खोलीत काहीही जळत असेल आणि डोकं दुखायला लागलं, तर आधी दार उघडा. साक्षात्कार झाला का ते बाहेर जाऊन ठरवा. मेलेली माणसं ठोके देत नाहीत. ठोका ऐकू आला तर खाली वाका आणि कोणाचा पाय हलतोय ते बघा. आणि ज्याला खरं ठाऊक आहे तो माणूस तुमच्या शेजारी मान खाली घालून बसलेला असेल, तर त्याला दंडाला धरून उठवा आणि विचारा. एकदा विचारून गप्प बसू नका. पुन्हा विचारा.